पॉप गाण्यातील सॅम्पल स्ट्रिंग्ज कृत्रिम का वाटतात?

आपल्या गाण्याचे ड्रम्स, बेस, गिटार आणि गायन मनासारखे झाले आहे; मात्र त्यावर स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलो अशी गजाने वाजणारी वाद्ये) चढवल्या की सारे स्वस्तातल्या कीबोर्डसारखे वाजू लागते, म्हणून महागडी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संग्रह) घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आत्ता घेऊ नये. आपण दिलेल्या वर्णनावरून दोष सॅम्पल्सचा नसून स्वर ज्या पद्धतीने लिहिले आहेत त्या पद्धतीचा दिसतो, आणि तो नव्या लायब्ररीतही तसाच, किंबहुना अधिक ठळकपणे ऐकू येईल.

एकाच ‘एन्सेम्बल’ पॅचवर (सगळ्या विभागांचा एकत्रित तयार आवाज) दोन्ही हातांनी कॉर्ड वाजवतो, असे आपण म्हटले आहे. अडचण तिथूनच सुरू होते. पियानोवर कॉर्ड बदलताना हात उचलला जातो आणि सगळे स्वर एकदम दुसरीकडे उडी मारतात. ऑर्केस्ट्रात मात्र प्रत्येक विभाग आपली एक सलग ओळ वाजवत असतो आणि त्या ओळी एकत्र आल्यावर कॉर्ड तयार होते. सी मेजरवरून ए मायनरकडे जाताना सी आणि ई हे स्वर सामाईक असतात. ते धरलेल्या विभागांनी जागीच राहावे, जी धरलेल्या विभागाने ए वर सरकावे आणि खर्जातील चेलोने आपली स्वतंत्र चाल चालावी, एवढ्यानेच फरक कानाला कळतो. दुसरा मुद्दा वादकांच्या संख्येचा आहे. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनच्या विभागात साधारण १६ वादक असतात. त्या विभागाच्या सॅम्पलवर तीन स्वरांची कॉर्ड धरली की ४८ व्हायोलिन्स ऐकू येतात. प्रत्यक्षात तेच १६ जण तीन गटांत विभागले जातात आणि आवाज पातळ, पण स्वच्छ होतो. म्हणून पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस असे पाच वेगळे ट्रॅक करावेत आणि शक्यतो प्रत्येकावर एका वेळी एकच स्वर ठेवावा. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. वाद्यांच्या मर्यादाही सांभाळाव्यात: व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर मधल्या सी च्या खालचा जी, म्हणजे सुमारे १९६ हर्ट्झ, तर चेलोचा खालचा सी सुमारे ६५ हर्ट्झचा असतो.

ओळी लिहून झाल्यावर त्यांत जीव येतो तो कीबोर्डवरच्या मॉड्युलेशन व्हील या चाकामुळे. बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्रऱ्यांमध्ये लांब स्वरांची तीव्रता पट्टी किती जोरात दाबली यावर ठरत नाही. ती मिडीच्या (कीबोर्ड आणि संगणक यांच्यातील संदेशांची भाषा) १ क्रमांकाच्या कंट्रोलरवर, म्हणजे याच व्हीलवर ठरते. त्याचे मूल्य ० ते १२७ असे बदलत जाते, तसतशी हळू वाजवलेल्या सॅम्पल्सची जागा जोरात वाजवलेली सॅम्पल्स घेतात, त्यामुळे आवाज केवळ मोठा होत नाही, तर त्याचा पोतही बदलतो. याउलट ११ क्रमांकाचा एक्स्प्रेशन कंट्रोलर सामान्यतः फक्त पातळी वरखाली करतो. आपण व्हील एकाच जागी ठेवून संपूर्ण गाणे वाजवले असल्यास प्रत्येक स्वर एकाच दाबाच्या गजाने ओढल्यासारखा वाटणारच. माझा आग्रह असा की व्हीलच्या चढउताराचे वळण माऊसने रेखू नये. ट्रॅक चालू ठेवून, ओळ मनात गात, व्हील हाताने फिरवून रेकॉर्ड करावे आणि तेही प्रत्येक विभागासाठी वेगळे, कारण पाचही ट्रॅकवर तेच वळण चिकटवले की पुन्हा यंत्रच ऐकू येते.

लेगाटो, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवणारा, पॅच वापरताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा ध्वनिमुद्रित तुकडा मध्ये वाजत असल्याने नवा स्वर थोडा उशिरा पोहोचतो, आणि नोट्स तालाच्या ग्रिडवर तंतोतंत क्वांटाइझ केल्या (मात्रेवर अचूक बसवल्या) असतील तर स्ट्रिंग्ज ड्रम्सच्या मागे रेंगाळतात. त्या ट्रॅकला ऋण डिले (ट्रॅक थोडा आधी वाजवणारी सेटिंग) द्यावा किंवा नोट्स थोड्या आधी सरकवाव्यात. किती, हे लायब्ररीच्या माहितीपत्रकात पाहून मग कानानेच ठरवावे. आखूड स्वरांसाठी स्पिकाटो किंवा स्टकाटो या तुटक वादनप्रकारांचा स्वतंत्र पॅच घ्यावा, लांब स्वराचा पॅच छाटून वापरू नये. त्यात राउंड रॉबिन असेल तर तोच स्वर पुन्हा वाजवताना वेगळे सॅम्पल येते आणि मशीनगनसारखा खडखडाट टळतो.

गाणे पॉप आहे, म्हणजे मालक गायक आहे. शब्द चालू असताना स्ट्रिंग्जनी लांब स्वर धरावेत आणि हालचाल दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत करावी. गायकाच्याच स्वरकक्षेत व्हायोलिनची धून फिरू लागली की दोघांचेही नुकसान होते. पहिल्या अंतऱ्यात स्ट्रिंग्ज नसल्या तरी चालते, आणि मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्यांचा प्रवेश अधिक परिणामकारक ठरतो. बेस गिटार चालू असताना डबल बेस बहुधा अनावश्यकच असतो.

मिक्सबद्दल थोडक्यात: कोरड्या ड्रम्सशेजारी मोठ्या सभागृहातल्या स्ट्रिंग्ज परक्या वाटतात, म्हणून जवळच्या मायक्रोफोनचा आवाज वाढवून दूरचा कमी करावा, २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात साचलेला गढूळपणा हलकेच काढावा आणि वादक आपापल्या जागी बसवून मुद्रित केलेली लायब्ररी पुन्हा पॅन करू नये, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवू नये.

अर्थात प्रत्येक गाण्याला खराखुरा ऑर्केस्ट्रा हवाच असतो असेही नाही. १९६० च्या दशकात आलेल्या मेलोट्रॉन या कीबोर्ड वाद्यात प्रत्येक पट्टीमागे जेमतेम आठ सेकंदांची टेप असे. त्याच्या स्ट्रिंग्ज खऱ्या वाद्यांपासून सहज ओळखू येत, तरीही त्या काळच्या पॉप आणि रॉक संगीताने त्यांना आपलेसे केले. खरेपणा हवा असेल तर मात्र सॅम्पल्सवर एका प्रत्यक्ष व्हायोलिनवादकाची ओळ दोन-तीनदा मुद्रित करून चढवावी. खर्च आणि परिणाम यांचा विचार करता याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

एवढे करूनही लायब्ररी अपुरी वाटली, तर भव्य सिम्फनीऐवजी मोजक्या वादकांच्या चेंबर स्ट्रिंग्ज घ्याव्यात आणि त्यांत विभाग वेगवेगळे, लेगाटो खरा आणि जवळचे मायक्रोफोन स्वतंत्र आहेत ना, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे. केवळ डेमो ऐकून निर्णय घेऊ नये; ते बहुधा ती लायब्ररी पूर्ण ओळखणाऱ्या संगीतकारांनीच बनवलेले असतात.