वाचकांचे प्रश्न: सरासरी ठीक आहे, मग निर्णय का चुकतात?

या वेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. आकडे सगळ्यांकडे आहेत, रिपोर्ट आहेत, डॅशबोर्ड आहेत, आणि तरी निर्णयाच्या वेळी गाडी अडते. बहुतेकांची ती सरासरीपाशी अडलीय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न: आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचे ग्राहक ठरवून दिलेत. एका तक्रारीला सरासरी ६ मिनिटं लागतात आणि माणसं साधारण ८० टक्के वेळ कामात असतात. वरून आदेश आलाय की २० टक्के वेळ वाया जातोय, ९५ टक्क्यांवर न्या. हे जमणार नाही असं मला आतून वाटतंय पण मुद्देसूद सांगता येत नाहीये. काय सांगू?

उत्तर: तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे आणि ते गणितानं दाखवता येतं. फोन कधी येणार हे आपल्या हातात नसतं, कधी अर्धा तास शांत तर कधी चार फोन एकदम, आणि एक तक्रार दोन मिनिटांत मिटते तर दुसरीला वीस लागतात. येणं आणि काम संपणं दोन्ही असं बेभरवशाचं असेल तर एका माणसासमोरच्या रांगेचं एक साधं सूत्र आहे: माणूस जितका वेळ कामात असतो तो भाग भागिले जितका वेळ मोकळा असतो तो भाग, आणि त्याला एका कामाच्या सरासरी वेळेनं गुणायचं. म्हणजे ८० टक्क्यांना ८० भागिले २०, म्हणजे ४ पट, म्हणजे ग्राहकाला सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट, ५४ मिनिटं. आणि ९५ टक्क्यांना १९ पट, म्हणजे ११४ मिनिटं, जवळपास दोन तास! कर्मचारी तेच, कामाचा वेग तोच, फक्त मोकळा वेळ २० वरून ५ वर आला आणि रांग पावणेपाच पट झाली. हे आकडे एका कागदावर लिहून वरच्यांसमोर ठेवा, बाकी भाषणाची गरजच पडणार नाही.

हा विचार नवीन नाहीये बरं का. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉल्सच्या गणितावर पहिला लेख लिहिला, कारण त्यांच्यापुढे असाच प्रश्न होता, लाइन किती ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावं लागणार नाही. आजच्या कॉल सेंटरमध्ये माणसं किती लागतील हे ठरवायला आजही त्यांचीच सूत्रं वापरतात.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे प्रत्येकाचे ग्राहक ठरवून दिलेत. इथेच सुधारायला जागा आहे. एकाकडे रांग लागलेली असताना शेजारचा मोकळा बसलेला असतो आणि तुमच्या पद्धतीत तो मदत करू शकत नाही. दोन माणसांची रांग एकत्र करा, जो मोकळा होईल त्यानं पुढचा फोन घ्यायचा, एवढंच केलंत तरी ८० टक्क्यांवरच २४ मिनिटांचं थांबणं ११ मिनिटांच्या आत येतं. एकही माणूस न वाढवता. सगळे सगळ्या प्रकारच्या तक्रारी सोडवू शकत नसतील तर थोडं ट्रेनिंग लागेल, पण पैसा घालायचाच तर तिथे घाला असं मी स्पष्ट सांगेन.

आणि एक धोका. ९५ टक्के हे टार्गेट लागलंच तर माणसं कॉल लांबवतील, कारण बिझी दिसणं हेच मोजलं जातंय. ज्या मापावर बक्षीस किंवा शिक्षा ठरते ते माप लवकरच बिघडतं, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये हे चलनधोरणाबद्दल सांगितलं होतं पण ऑफिसातही ते रोज दिसतं. मोजायचंच असेल तर ग्राहक किती थांबला ते मोजा.

प्रश्न: मी स्टोअर्स आणि खरेदी बघतो. एक वस्तू अशी आहे की हंगामापूर्वी एकदाच ऑर्डर द्यायची, नंतर मिळत नाही आणि उरली तर पडून राहते. मी गेल्या काही हंगामांची सरासरी काढून तेवढी मागवतो, तरी कधी कमी पडते कधी उरते आणि दोन्ही वेळा बोलणी मीच खातो. माझा अंदाज कसा सुधारेल?

उत्तर: अंदाज थोडाफार सुधारेल, पण तुमचं दुखणं अंदाजात नाहीये. मागणी सरासरीच्या वर जाणार की खाली हे साधारण निम्मं-निम्मं असतं, म्हणजे सरासरीएवढा माल मागवला की जवळपास निम्म्या वेळा कमी पडणारच. हे चालेल का, याचं उत्तर मागणीच्या आकड्यांत सापडत नाही, ते खर्चात सापडतं. एक नग कमी पडला तर किती नुकसान आणि एक नग उरला तर किती नुकसान, हे दोन आकडे आधी काढा. समजा कमी पडल्याचं नुकसान उरल्याच्या ४ पट आहे. मग ४ भागिले (४ अधिक १), म्हणजे ४ भागिले ५, म्हणजे ८० टक्के. अर्थ असा की इतका माल मागवा की शंभरातल्या ८० हंगामांत तो पुरेल. उलट उरलेला माल फेकूनच द्यावा लागत असेल आणि नफा थोडाच असेल तर हेच गणित तुम्हाला सरासरीच्या खाली ऑर्डर द्यायला सांगेल. हे करून ठेवलंत की माल उरल्यावर कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं, की कमी पडणं चौपट महाग होतं म्हणून मुद्दाम जास्त ठेवला होता. त्या दोन नुकसानांचे आकडे मात्र एकट्यानं ठरवू नका, विक्री आणि हिशेब विभागाकडून लेखी घ्या. गेलेल्या ग्राहकाची किंमत किती यावर तिथे वाद होईल, होऊ द्या, तो वाद ऑर्डर देण्याआधी होणंच चांगलं.

वर्षभर लागणाऱ्या नेहमीच्या वस्तूंचं वेगळं आहे. तिथे फोर्ड हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र अजून चालतं: वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले २, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि मग सगळ्याचं वर्गमूळ. मला यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. हे सूत्र चुका पोटात घालतं. योग्य आकड्यापेक्षा दीडपट मोठी ऑर्डर दिलीत तरी ऑर्डर देण्याचा आणि माल सांभाळण्याचा मिळून खर्च फक्त ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, दुप्पट दिलीत तर २५ टक्के. त्यामुळे अचूक आकड्याच्या मागे आठवडे घालवू नका, अंदाजे काढा, पुरवठादाराच्या खोक्याच्या मापाला गोल करा आणि पुढच्या कामाला लागा.

प्रश्न: पाच टीम समांतर काम करतात. प्रत्येक टीम लीड सांगतो, ८० टक्के खात्री आहे वेळेत होईल. तरी प्रोजेक्ट उशिरा जातो. खोटं कोण बोलतंय?

उत्तर: कोणीच नाही. पाचही कामं झाल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर ०.८ पाच वेळा गुणा, उत्तर ०.३३ च्या जवळ येतं. म्हणजे सगळ्यांनी खरं सांगूनही वेळेत सुरू होण्याची शक्यता तीनात एक. (टीम एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलंय, एकाच पुरवठादारावर सगळ्या अडकल्या असतील तर हिशेब बदलेल.) १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट नावाची पद्धत निघाली, त्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात, लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा, मधल्याला ४ नं गुणून तिन्हींची बेरीज करायची आणि ६ नं भागायचं. पण तिच्यातही हीच त्रुटी राहते, ती एकामागून एक होणाऱ्या कामांचा सगळ्यात जास्त वेळ घेणारा रस्ता धरते आणि समांतर रस्त्यांमधला दुसराच एखादा लांबू शकतो याकडे नीट बघत नाही. म्हणून शिल्लक वेळ प्रत्येक टीमला थोडा थोडा वाटण्यापेक्षा पाचही जिथे एकत्र येतात तिथे एकत्र ठेवा. टीमला दिलेला जास्तीचा वेळ टीम वापरूनच टाकते, यात त्यांचा दोष नाही, कामाचा स्वभावच तसा आहे.

प्रश्न: ग्राहकांच्या सर्व्हेत आम्हाला छान गुण मिळतात, तरी धंदा कमी होतोय. सर्व्हे चुकीचा आहे का?

उत्तर: सर्व्हे कोणाचा केलात? जे अजून तुमच्याकडे येतात त्यांचाच ना? दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ अमेरिकेत विमानांच्या नुकसानीवर काम करत होते. गोळ्यांच्या खुणा मोजायला मिळत होत्या फक्त परत आलेल्या विमानांवर. वाल्ड यांनी हिशेबात न परतलेली विमानं धरली, परतलेल्या विमानांवर जिथे खुणा कमी आहेत तिथे गोळी लागलेलं विमान बहुधा परतच येत नाही, म्हणजे तोच भाग नाजूक. तुमचे सोडून गेलेले ग्राहक म्हणजे ती न परतलेली विमानं. त्यातल्या थोड्यांना जरी फोन केलात तरी हजार जणांच्या सर्व्हेपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न: पुरवठादार निवडताना आम्ही गुणांचा तक्ता करतो, किमतीला ३० टक्के वजन, क्वालिटीला ४०, वेळेवर डिलिव्हरीला ३०. शेवटी साहेबांच्या मनातला पुरवठादार वर येईपर्यंत वजनं बदलली जातात. मग या तक्त्याचा उपयोग काय?

उत्तर: असा वापरला तर काहीच नाही, उलट मनातल्या निवडीवर गणिताचा शिक्का बसतो आणि नंतर प्रश्न विचारणंही अवघड होतं. उपाय साधा आहे, वजनं निविदा उघडण्याच्या आधी ठरवायची, सह्या करायच्या आणि त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही.

पण तुमच्या तक्त्यात आणखी एक गडबड असण्याची शक्यता आहे, तो उघडून बघा. समजा क्वालिटीत सगळ्यांना १० पैकी ७ किंवा ८ दिलेत आणि किमतीत २ पासून ९ पर्यंत. मग कागदावर क्वालिटीचं वजन ४० असलं तरी तिथे कोणाकोणात फरकच पडत नाही, निकाल किंमतच ठरवते. क्वालिटीतून जास्तीत जास्त ०.४ गुणांचा फरक पडतो आणि किमतीतून २.१ चा. प्रत्येक निकषावर गुण किती पसरलेत ते बघितल्याशिवाय वजनांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

वजनं किती अचूक हवीत याचीही फार काळजी करू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये दाखवलं की योग्य निकष निवडले असतील तर सगळ्यांना सारखं वजन देऊनही निर्णय बरेच चांगले येतात, अनुभवी माणसानं एकंदर मनात जुळवून काढलेल्या निष्कर्षापेक्षा अनेकदा चांगले. साहेबांचा अनुभव फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. तो निकष निवडताना वापरा, तिथे त्याला तोड नाही. कोणता पुरवठादार अडचणीच्या वेळी फोन उचलत नाही हे एक्सेलला कुठून कळणार? फक्त तो मुद्दा तक्त्यात एक रकाना म्हणून आधीच यायला हवा.

प्रश्न: हे सगळं करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

उत्तर: सुरुवातीला नाही. एक्सेलमधल्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे मर्यादा सांभाळून सगळ्यात चांगला पर्याय शोधणाऱ्या साधनात, २०० पर्यंत चल (म्हणजे ठरवायचे आकडे) घेता येतात, लहान संस्थेच्या बहुतेक प्रश्नांना ते पुरतं. सोव्हिएत गणितज्ञ कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूड कारखान्यातल्या मशीनचं काम वाटायचं गणित मांडलं तेव्हा कॉम्प्युटर नव्हतेच. आधी कागदावर तीन ओळी लिहा, काय ठरवायचंय, काय वाढवायचं किंवा कमी करायचंय, आणि मर्यादा कोणत्या. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर सॉफ्टवेअर घेऊनही अडकाल.

प्रश्न: मी पूर्ण हिशेब करून एका नव्या सेवेची शिफारस केली. यशाची शक्यता ६० टक्के होती. ती फसली आणि आता मीटिंगमध्ये माझं उदाहरण देतात. मी चुकले का?

उत्तर: एका निकालावरून ते ठरत नाही. तुम्ही दिलेले आकडे घेतो: जमलं तर १०० चा फायदा, फसलं तर ६० चं नुकसान. ०.६ गुणिले १०० म्हणजे ६०, त्यातून ०.४ गुणिले ६० म्हणजे २४ वजा, अपेक्षित फायदा ३६. काहीच न करण्याचा फायदा शून्य होता. त्या दिवशी हातात जे होतं त्यावर शिफारस योग्यच होती, आणि दहातल्या चार वेळा ती फसणार हे तुम्हीच लिहून दिलं होतं.

मी दोन गोष्टी मात्र तपासेन. पहिली, ६० चं नुकसान संस्थेला झेपणारं होतं का. अपेक्षित फायद्याचं गणित पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या निर्णयांना शोभतं, एका फटक्यात दुकानच बंद होणार असेल तर ३६ हा आकडा बघून पुढे जाऊ नये. दुसरी, आधी चाचणी घेतली होती का. सेवा जमणार की नाही हे आधीच शंभर टक्के कळलं असतं तर तुम्ही जमण्याच्या वेळीच पुढे गेला असता आणि अपेक्षित फायदा ६० झाला असता. ६० वजा ३६ म्हणजे २४. म्हणजे परिपूर्ण माहितीसाठीही २४ पेक्षा जास्त खर्च करणं योग्य नव्हतं, आणि खरी चाचणी कधीच परिपूर्ण नसते, तेव्हा तिची किंमत त्याहून कमीच. पण ५ मध्ये एखादी बरी चाचणी होत असेल आणि ती टाळली गेली असेल तर तेवढा प्रश्न रास्त आहे.

पुढच्या शिफारशीच्या वेळी एकच पान जोडा: तारीख, पर्याय, प्रत्येकाची शक्यता, कोणत्या गृहीतकावर सगळं उभं आहे आणि ते मोडलंय हे कशावरून कळेल. त्यावर मीटिंगमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि तुमच्या आधीच्या शिफारशींचीही अशी यादी काढा, ६० टक्के म्हटलेल्यांपैकी खरोखर साधारण ६० टक्के जमल्यात का ते बघा. यादी मोठी असेल आणि आकडा तिथेच येत असेल तर ती यादीच मीटिंगमध्ये दाखवा. ३० टक्केच जमल्या असतील तर शक्यता कुठून काढता ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात सविस्तर बघू.