रातांबी फुलते, पण फळ धरत नाही

प्रश्न : घरामागे बियांपासून वाढलेल्या चार रातांबी (कोकमाची झाडं) आहेत. वय नऊ वर्षं. चारही फुलतात, रातांबे मात्र एकीलाच. बाकीच्या तोडाव्यात का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : एवढ्यात कोयता लावू नका. रातांबीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि पहिला फुलोरा येईपर्यंत ते ओळखता येत नाही. नर झाडाला कितीही खत घातलं तरी फळ येणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत प्रत्येक झाडाची पाच-सहा फुलं खुडून बघा. फुलं झुबक्यानं आणि मधोमध पिवळट पुंकेसरांची गच्च गड्डी असेल, तर झाड नर. एकेकटं किंवा दोन-तीन फुलं असतील आणि पाकळ्यांच्या मध्ये गोल, मण्यासारखा बीजकोश बसलेला असेल, तर मादी. असं झाड फळत नसेल, तर कारण वेगळं आहे, ते राखा.

तिन्ही नर निघाली तरी एक ठेवाच, परागासाठी ते लागतं. उरलेल्या जागी जूनमध्ये मादी झाडाची कलमं लावा. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, दोन झाडांत २० फूट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' (१९९७) किंवा 'कोकण हातिस' ही जात घ्या. घेताना कलम बांधायला वापरलेली काडी कुठली, हे जरूर विचारा. उभ्या शेंड्याच्या काडीचं कलम सरळ वर जातं. आडव्या फांदीच्या काडीचं जमिनीलगत पसरत राहतं. इथेच बहुतेक जण फसतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली करा.

प्रश्न : आमसुलांना पावसाळ्यात बुरशी येते. काय चुकतं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : बहुधा पुटं (सालं रसात बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या) कमी पडतात आणि सोलं (वाळवलेली सालं) आतून ओली राहतात. पूर्ण लालजांभळी फळंच घ्या. सालं वेगळी काढा, गराच्या दर किलो रसात १०० ग्रॅम मीठ विरघळवा. सालं रात्रभर त्यात बुडवून दिवसा कडक उन्हात वाळवा. असं पाच ते सात वेळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं असू द्या. ॲल्युमिनियमला हे आंबट खातं. सोल दाबल्यावर बोटाला ओल लागली, तर बरणीत भरू नका, आणखी एक ऊन द्या. मे महिना सरायच्या आत हे उरकायला हवं.