‘आम्ही ३७ व्या दिवसावर असायला हवं होतं’

मुलगी नऊ वर्षांची. तिसरी संपल्यावर तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरलं. रोज काय घ्यायचं हे आपल्याला ठरवता येणार नाही, या धास्तीनं आईवडिलांनी तयार पाठ-नियोजनाचा अमेरिकी संच मागवला. ३६ आठवडे, १८० दिवस, प्रत्येक कामापुढे टिक करायला चौकट. तीन महिन्यांच्या आतच आई जाड फाइल घेऊन मला भेटायला आली. “मॅडम, आज आम्ही ३७ व्या दिवसावर असायला हवं होतं. १४ वरच अडकलोय. मला शिकवताच येत नाही का?”

तिला शिकवता येत होतं, ते फाइलमध्येच दिसत होतं. गणिताच्या एका पानावर नाण्यांची चित्रं होती: क्वार्टर, डाइम, निकेल. डाइमखाली मुलीनं पेन्सिलीनं ‘१ रुपया?’ लिहून खोडलं होतं. डाइम म्हणजे १० सेंट आणि निकेल ५ सेंटचं, पण डाइम आकारानं निकेलपेक्षा लहान. ज्या मुलीनं ही नाणी कधी हातात धरली नाहीत, ती मोठं नाणं जास्त किमतीचं धरणारच. बेरीज तिला पक्की येत होती. तरी त्या पानावर चाळीस मिनिटं आणि बरीच रडारड खर्ची पडली होती. पुढच्या पानांवर इंच, औंस, मिलियन वाट बघत होतेच.

आधी तारखा आणि दिवसांचे आकडे खोडायला सांगितले. मग एक आठवड्याचं काम दिलं, जे खरं तर संच विकत घेण्याआधीच करायला हवं. नमुना म्हणून मिळणारा पहिला आठवडा नेहमी हलका असतो, त्यावर जाऊ नये. मधला, म्हणजे साधारण १८ वा आठवडा मागून घ्यावा आणि पाच दिवस जसाच्या तसा घड्याळ लावून करावा. प्रत्येक धड्यापुढे दोन आकडे लिहायचे: आई शेजारी किती मिनिटं बसली आणि मुलीनं एकटीनं किती केलं. या घरात पहिला आकडा रोज चार तासांवर गेला. धाकटा मुलगा आणि घरकाम सांभाळून आईकडे अडीच तास होते. रोज दीड तास कमी पडत असताना मागे पडणं ठरलेलंच होतं.

दुसरी चूक म्हणजे सगळे विषय एकाच इयत्तेचे घेतले होते. पातळी विषयागणिक तपासली, तेव्हा गणित चौथीचं निघालं, इंग्रजी वाचन जेमतेम दुसरीचं. इयत्तेचा पूर्ण संच स्वस्त वाटतो, पण विषय सुटे मिळत नसतील तर तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. छपाईही हिशेबात धरावी: रोज १२ पानं म्हणजे वर्षाला २,१६० पानं, दोन रुपये पानाप्रमाणे ४,३२० रुपये.

संचातलं इंग्रजी आणि विज्ञान ठेवलं. गणित आणि मराठी बालभारतीच्या पुस्तकांतून; त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. अमेरिकी इतिहासाच्या जागी चौथीचं ‘शिवछत्रपती’ आलं. विज्ञान आणि इतिहासाला वार नाही, पाळी ठेवली. आज विज्ञान राहिलं तर उद्या तेच, मग इतिहास. त्यामुळे पाहुणे आले, ताप आला, तरी काही ‘बुडत’ नाही.

वडिलांची काळजी दहावीची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत आणि किमान पाच विषय. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. राज्य मंडळाकडून बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो आत्ताच शाळेतून घेऊन जपून ठेवायला सांगितला. या मुलीच्या हातात पाच वर्षं आहेत. चौथीतले २३ दिवस त्यात कुठेच मोजले जात नाहीत.

सहा आठवड्यांनी आई आली ती धाकट्याचा प्रश्न घेऊन: त्याच्यासाठीही पहिलीचा संच आत्ताच घ्यावा का? तो पाच वर्षांचा आहे. ताईचं विज्ञान तो शेजारी बसून ऐकतोच. त्याला अक्षरओळख आणि मोजणी एवढंच, रोज वीस-वीस मिनिटं. यंदा संच नको.