लांडगा तुझ्यासाठी आला नव्हता

प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पहाटे लांडगा दिसला, तीस पावलांवर थांबला, तुझ्याकडे बघितलं आणि पश्चिमेला निघून गेला. पुणंही पश्चिमेलाच. म्हणून आता बँकेची नोकरी सोडून पुण्याच्या सेमिनरीत, पाळक होण्याच्या शिक्षणाला, जाऊ का?

अगं, पश्चिमेला धनगरांची मेंढरं बसलेली असतील!

रागावू नकोस. प्रभू बोलतो की नाही, हा आपल्यातला वाद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी बघ. अर्थ लगेच लावू नकोस. चार पानांत तू लांडग्याला अडीच ओळी दिल्यास, उरलेलं सगळं स्वतःबद्दल. त्याचे कान कसे होते? अंगावर उन्हाळ्याची विरळ लव होती की थंडीची दाट? एकटाच होता? हे काहीच नाही. मग तू नेमकं पाहिलंस काय?

हे मी कोणत्या तोंडानं सांगतो, तेही ऐक. 1986 साली मी तेवीस वर्षांचा होतो. वडील गिरणीत होते, खोकल्यानं बेजार. नगरकडच्या एका वसतिगृहात शिकवायला बोलावणं आलं होतं. जावं की राहावं कळेना. म्हणून सायकल काढून बार्शी रोडनं नान्नज गाठलं. तिथलं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य 1979 चं, तेव्हा अजून नवंच. बांधाआड बसलो आणि माळढोक दिसला. नर होता. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, उंची माझ्या कमरेच्या वर. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, गवतातला नाकतोडा टिपायचा, पुन्हा एक पाऊल. एवढा जड पक्षी, पण पायाखालचं गवत वाजत नव्हतं. मी उठून उभा राहिलो तसा तो दोन-चार पावलं धावला आणि जड पंखांनी उडाला. मला वाटलं, देव म्हणतोय, जा.

गेलो. पुढच्या पावसाळ्यात तार आली. पोचलो तेव्हा कबरीवरची माती ओली होती.

पक्षी उडाला, कारण मी उभा राहिलो. एवढंच झालं होतं.

आता तू म्हणशील, सर, पण वसतिगृहातली ती पोरं शिकली की. शिकली. आणि वडील स्वतःच जा म्हणाले होते. म्हणाले होते, खरंच. पण त्यांचा शब्द मी धरला नाही, पाखराचा धरला. ते राहून गेलं.

बायबलमधला ईयोबाचा एकोणचाळिसावा अध्याय काढ. सगळं गमावलेला माणूस जाब विचारतोय आणि देव त्याला रानबकरी, रानगाढव, शहामृगी, ससाणा दाखवतोय. त्यातलं एकही जनावर ईयोबासाठी संदेश घेऊन आलेलं नाही. शहामृगी तर अंडी उघड्या मातीत टाकून जाते. आपला माळढोकही तसाच, उघड्या जमिनीवर घालतो आणि तेही बहुधा एकच अंडं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून मरतो. देशात दीडशेच्या आसपासच उरलेत. आपल्यालाही समोरचं... बघ, लगेच दृष्टान्त सुचला. चाळीस वर्षांची खोड. पुलपिटवर, प्रवचन देताना, याच खोडीनं मी किती पाखरं राबवली असतील!

आणि मार्काचं शुभवर्तमान. येशूचे अरण्यातले चाळीस दिवस तिघं सांगतात, पण येशू वनपशूंबरोबर होता हे मार्कच सांगतो, पहिल्या अध्यायाच्या तेराव्या वचनात. पशूंनी काय केलं, कुठल्या दिशेला गेले, काही नाही. बरोबर होता, बस्स. मला त्या अर्ध्या ओळीचा हेवा वाटतो.

सेमिनरीत जायचं तर जा. आईशी बोल, पाळकांशी बोल, कर्जाचे हप्ते कोण भरणार ते कागदावर मांड. अर्ज खुशाल भर, पण त्यात लांडगा लिहू नकोस.

रविवारी उपासना आहे, म्हणून शनिवारी पहाटे पाचला ये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो. पायात बूट घाल, चपला नकोत. मागच्या खेपेची कुसळं माझ्या मोज्यांतून अजून निघालेली नाहीत. मोबाइल घरी ठेव. लांडगा दिसला तर परतताना नान्नजच्या फाट्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.

तुझा,
सर