अठरा पूर्ण होण्याआधी कोणती कचेरी गाठायची?

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. विशेष शाळा पुढच्या वर्षी संपेल. शाळा पंचायतीत पाठवते, पंचायत नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कचेरीत), नाडकचेरी बेळगावला. सुरुवात कुठून करू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सुरुवात शाळेतूनच करा, आणि ती सुटायच्या आधी. वर्गशिक्षिका, पंचायतीतले व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते आणि तालुक्याचे एमआरडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते यांना एकदा एकत्र बसवा. मुलगीही तिथे हवी. कोणता कागद कोण कधीपर्यंत आणणार, हे नावानिशी लिहून घ्या. ती पैसे मोजते का, एकटी बसने जाते का, एका कामाला किती वेळ बसते, हे शिक्षिकेकडून लेखी घ्या. प्रशिक्षण केंद्रात टक्क्यांपेक्षा याचाच उपयोग होतो.

अर्ज बहुधा नावात अडतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कन्नडवरून इंग्रजीत गेलेले आधारवर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे. आधी ते जुळवा. आधारसाठी १५व्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. राहिले असतील तर लगेच द्या.

बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र १८व्या वर्षी नवे करायचे असते. मग ते आयुष्यभर चालते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, देशभर मान्य आहे, दिव्यांग पेन्शन मात्र कर्नाटकची. म्हणून चंदगड-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर तिचे आधार मुळीच हलवू नका.

१८ पूर्ण झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकेत चालते. नेमणुकीनंतर ६ महिन्यांत मुलीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. पण नीट समजावल्यावर ती स्वतःचे निर्णय घेत असेल, तर केवळ बँक मागते म्हणून पालकत्व घेऊ नका. तिचा हक्क तिच्याकडेच राहू द्या.

निरामया हा दिव्यांगांचा आरोग्य विमा राहिला असेल तर नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत काढा. १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि शाळा सुटली की नेमके तेच राहून जाते. ही जबाबदारी कोणाची, तेही त्याच बैठकीत ठरवा.