घरात कुणाला लिंबूटिंबू करावं लागणार नाही असे खेळ

तुमचं घर मला समजलं ते असं: सांगलीत विश्रामबागला फ्लॅट, तुम्ही दोघं, ६८ वर्षांच्या आई, १२ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी. दिवाळीत मेहुणे सहकुटुंब येणार, म्हणजे माणसं नऊ. बजेट पाच-सहा हजार. टीव्ही आणि एक लॅपटॉप घरात आहे, मुलगा कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) हटून बसलाय, आणि तुम्ही विचारताय की व्हिडिओ गेम घ्यावा की बोर्ड गेम.

पैशाचं आधी उरकते. नवा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल तुमच्या बजेटच्या कितीतरी पट जातो, दुसरा कंट्रोलर (हातात धरायचं बटणांचं यंत्र) घेतला की वर आणखी पैसे. एकाच कंट्रोलरवर पाच माणसं खेळत नाहीत, एक खेळतो आणि चौघं त्याच्याकडे बघत बसतात. तेव्हा या दिवाळीला कन्सोल बाद. मुलासाठी लॅपटॉपवर काय जमतं ते खाली आलंच आहे.

लहानपणी लपंडावात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून घ्यायचे. ते सगळ्यांबरोबर पळायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. घरातल्या बऱ्याच खेळांत आजीचं आणि धाकटीचं हेच होतं. फासा त्यांच्याही हातात येतो, पण त्यांनी काहीही केलं तरी डावाला काही फरक पडत नाही. म्हणून मी पेटीवरचं वय आणि परीक्षणं नंतर बघते. आधी हे बघते की सगळ्यात मागे पडलेल्या माणसाला डाव संपेपर्यंत खरंखुरं काही करायला आहे का.

या कसोटीवर आपल्या गावाचा लाडका खेळच पहिला गळतो. सांगलीत बुद्धिबळाबद्दल वाकडं बोलायची सोय नाही, भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्या. मुलाला जरूर शिकवा. पण तो दोघांचा खेळ, त्यात नशिबाला जागा नाही, आणि मुलगा सहा महिने शिकला की घरातलं कुणी त्याच्यासमोर टिकणार नाही.

दुसरा गळतो तो ‘व्यापार’, म्हणजे मोनोपॉलीचा आपल्याकडचा भाऊ. याचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. जमीनमालकाकडे सगळा पैसा कसा ओढला जातो हे दाखवायला त्यांनी तो रचला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळवलं. तेव्हा एकजण गबर होतो आणि बाकीचे तासभर भाडं भरत राहतात, हे त्या खेळात मुद्दाम घातलेलं आहे. दिवाळं निघालेला माणूस तर उठूनच जातो. घरात आधीच असेल तर मोनोपॉलीचा एक नियम पाळून बघा, जो बहुतेक घरांत कुणी वाचलेलाच नसतो: एखाद्याने जागा घेतली नाही की तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. जागा पटापट खपतात आणि डाव लवकर संपतो. नवीन मात्र घेऊ नका.

खर्चाआधी पत्त्यांचा कॅट काढा. बदाम सात हा मला अजूनही घरासाठी अव्वल खेळ वाटतो. सत्तीच्या वर-खाली क्रमाने पानं लावायची, एवढं सात वर्षांच्या पोरीला दहा मिनिटांत कळतं. डावपेच मात्र खोल आहेत: दुसरं पान उतरता येत असेल तर इस्पिकची अठ्ठी दाबून ठेवायची आणि समोरच्याचे राजा-राणी हातातच कुजवायचे. आई हे बिनदिक्कत करतील, बघा. पाच जणांत ५२ पानं वाटली की दोघांना एकेक जास्त जातं, त्यावरून वाद घालू नका, वाटणारा बदलत राहतो. मेंढीकोट चौघांचाच, पण त्यात समोरासमोर भिडू असतात. पक्का आणि कच्चा अशी जोडी लावली की कच्च्याची लाज राहते. कॅरमलाही हीच युक्ती.

आता विकत काय घ्यायचं ते. पहिली पेटी सिक्वेन्स. पटावर पत्त्यांचीच चित्रं असतात, हातातलं पान टाकायचं आणि पटावर त्या पानावर आपली चकती ठेवायची, सलग पाच झाल्या की एक ओळ. दोन डोळे दिसणारा गुलाम कुठेही चालतो, एकच डोळा दिसणारा समोरच्याची चकती उचलतो. इंग्रजी वाचावं लागत नाही, पत्ते आईंच्या ओळखीचे, त्यामुळे शिकवण्यात वेळ जात नाही. दोघांपासून बारा जणांपर्यंत खेळता येतो, फक्त तिघांपेक्षा जास्त माणसं असली की दोन किंवा तीन सारखे गट पडायला हवेत. म्हणजे तुमच्या पाच जणांत एकाला बाहेर बसावं लागेल, किंवा मुलगी आणि आजी मिळून एक हात खेळतील. मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

दुसरी पेटी घ्यायची तर टिकेट टू राइड. ॲलन मून यांचा २००४ चा खेळ, २ ते ५ खेळाडू, पेटीवर वय ८ पासून. रंगीत पत्ते जमवून नकाशावर रेल्वेमार्ग टाकायचे. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५, त्यामुळे धीर धरणाऱ्याला फळ मिळतं. कुणी मधेच बाद होत नाही, आणि प्रत्येकाची तिकिटं (कोणती दोन गावं जोडायची ते सांगणारे पत्ते) शेवटपर्यंत झाकलेली असल्यामुळे कोण पुढे आहे ते पक्कं कळत नाही. माझ्या कसोटीला हा खेळ पूर्ण उतरतो. मुलीसाठी एक सूट द्या: अपूर्ण तिकिटाचे गुण तिच्या खात्यातून कापू नका. भारताचा नकाशाही निघाला आहे, पण तो पुरवणी आहे, त्याला मूळ पेटीतले डबे लागतात. नुसता तोच मागवलात तर घरात कागद येईल, खेळ नाही. ऑनलाइन फार स्वस्त दिसली तर ती पेटी नकली असण्याची शक्यता धरा. पत्ते पातळ निघतात आणि पिसताना दुमडतात.

मुलगा कटानचं नाव काढेल. खेळ उत्तम आहे, पण मूळ पेटी ३-४ जणांचीच, पाचव्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. ऊनो हा पत्त्यांचा खेळ स्वस्त आहे आणि चालतो. एवढंच की ‘दोन उचल’च्या पानावर ‘दोन उचल’चंच पान चढवत जायचं हे आपलं घरगुती आहे, मूळ नियमात ते बसत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता, आणि याला पैसे लागत नाहीत. कोडनेम्स नावाचा खेळ २०१५ मध्ये आला. मूळ पेटी इंग्रजी शब्दांची आहे, आपण तो मराठीत घरी करायचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर दीड-दोनशे मराठी शब्द मोठ्या अक्षरात लिहा. त्यातले २५ जमिनीवर पाच बाय पाच मांडा. दोन गट करा, प्रत्येकाचा एक म्होरक्या. दोघा म्होरक्यांकडे मिळून एक गुप्त आराखडा असतो: २५ पैकी ९ शब्द पहिल्या गटाचे, ८ दुसऱ्याचे, ७ कुणाचेच नाहीत, आणि १ असा की त्याला बोट लावलं की तो गट हरला. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा (त्या शब्दाशी जुळणारे आपले किती शब्द गटाने ओळखायचे तो) एवढंच बोलायचं, खेळात मांडलेला शब्द उच्चारायचा नाही, आणि चेहरा कोरा ठेवायचा. शेवटचंच अवघड.

समजा मांडलेल्यात ‘पूल’, ‘घाट’, ‘द्रौपदी’, ‘भडंग’, ‘वकील’, ‘सासू’, ‘तवा’ असे शब्द आहेत. म्होरक्या म्हणतो, “कृष्णा, तीन.” मुलगा पटकन पूल आणि घाट उचलतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून रोज जाणाऱ्याला ते सुचणारच. तिसऱ्यापाशी तो अडकतो. त्याची नजर भडंगावर जाते, सांगलीचा म्हणून. तेवढ्यात आजी द्रौपदीवर बोट ठेवतात, कारण कृष्णा हे तिचंही नाव हे त्यांना माहीत असतं. या खेळात वय वाढलं तसा माणूस भारी होत जातो, आणि तसे खेळ फार नाहीत. मुलगी इंग्रजी माध्यमात असेल तर जोडाक्षरं कमी ठेवा, किंवा काही चिठ्ठ्यांवर तिच्याकडूनच चित्रं काढून घ्या. उंट काढला की गाढव यावरून जे भांडण होईल तेही खेळात धरा.

सगळे मिळून खेळाविरुद्ध लढायचं, असेही खेळ आहेत. फॉरबिडन आयलंड त्यातला सोपा: बेट बुडतंय, पाणी चढतंय, चार खजिने घेऊन हेलिकॉप्टरने निसटायचं. महापूर बघितलेल्या सांगलीकराला ‘पाणी चढलं’ म्हणताना हसू येतं की काटा, ते ज्याचं त्याने बघावं. पण यात धोका असा की घरातला एकजण मुकादम होतो, “तू इकडे जा, तू ते उचल,” आणि बाकीचे हमाल. असा माणूस तुमच्याकडे असेल (आणि तो बहुधा प्रश्न विचारणाराच असतो, रागावू नका) तर हानाबी घ्या. ५० पत्त्यांचा छोटा डबा. पत्ते उलटे धरायचे, म्हणजे आपले सोडून सगळ्यांचे दिसतात. दुसऱ्यांनी दिलेल्या मोजक्या सूचनांवरच आपलं पान ओळखायचं, त्यामुळे मुकादमही आंधळाच असतो.

आता लॅपटॉप. एचडीएमआय केबलने तो टीव्हीला जोडा आणि संगणकाला चालणारा एक साधा कंट्रोलर घ्या. गेम घेताना ‘मल्टिप्लेयर’ एवढं वाचून पैसे भरू नका. एकाच स्क्रीनवर खेळता येतं की प्रत्येकाला वेगळं यंत्र लागतं, ते बघा. माइनक्राफ्ट कन्सोलवर स्क्रीन वाटून खेळता येतो, संगणकावर ती सोय नाही. इट टेक्स टू सुंदर आहे, पण बरोबर दोघांचाच, आणि गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या आईबापांची, हे माहीत असू द्या. तुमच्यासाठी ओव्हरकुक्ड. चौघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं, एकाच कंट्रोलरची डावी-उजवी बाजू वाटून घेऊन दोघांना खेळता येतं. आरडाओरडा भरपूर होतो. ‘ऑल यू कॅन ईट’ या आवृत्तीत वेळ वाढवून घेण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

पाकिटावरचा पेगीचा (युरोपातली गेमची वयश्रेणी) आकडा, ३, ७, १२, १६, १८, हा आतल्या गोष्टी कोणत्या वयाला चालतील त्याबद्दल असतो, खेळ किती अवघड आहे त्याबद्दल नाही. ३ चा गेमही मोठ्यांना घाम फोडू शकतो. मुलगा जीटीए मागेल: तो गेम १८ चा आहे, आणि घरच्यांनी एका स्क्रीनवर खेळायचा नाहीच. पुढे कधी कन्सोल घ्यायचं ठरलं तर निन्टेंडो स्विचचाही विचार करा. मारियो कार्टमध्ये गाडी रस्त्यावर धरून ठेवायची मदत चालू करता येते, धाकटीही शर्यत पुरी करते. स्विच स्पोर्ट्समधलं बोलिंग आजीही खेळतील, कंट्रोलर धरून हात फिरवला की झालं, फक्त त्याची दोरी मनगटात घाला. आपल्याकडे तो बाहेरून आणलेला माल म्हणून विकला जातो, तेव्हा वॉरंटी कोण देणार ते दुकानातच लिहून घ्या.

दिवाळीत नऊ जण झालात की सिक्वेन्सचे तिघातिघांचे तीन गट पाडा, प्रत्येकाला चार पानं, आणि तीन गट असताना एक ओळ झाली की जिंकलं. गटातली माणसं एकाशेजारी एक बसवायची नाहीत, आळीपाळीने बसवायची. भिडूला सुचवलं तर त्या गटातल्या प्रत्येकाचं एकेक पान जातं, हा नियम पेटीतच आहे. मेहुण्यांना तो डाव सुरू व्हायच्या आधी वाचून दाखवा.