ग्रुप केला तरी ओळ का विस्कटते?

प्रश्न : लोकलच्या वेळापत्रकाची मराठी स्क्रीन फिग्मा या डिझाइनच्या अॅपमध्ये करते आहे. गाडीची वेळ, स्थानकाचं नाव आणि फलाट यांचा एकेक ग्रुप केला आहे. ‘दादर’ छान बसतं, पण ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ लिहिलं की नाव फलाटाच्या आकड्यावर चढतं. लेयरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकांच्या, यादीत तर ‘ग्रुप ४७’, ‘फ्रेम ११२’ असा नुसता बाजार आहे.
– एक वाचक, परळ

उत्तर : ग्रुपला स्वतःचं माप नसतं. आतल्या वस्तू जेवढी जागा घेतील तेवढाच तो. नाव लांबलं की ग्रुप फुगतो, शेजारच्या आकड्याला मात्र सरकवत नाही. आयकॉनच्या चार रेषा एकत्र उचलायच्या असतील तिथे ग्रुप ठीक; मजकूर बदलणार असेल तिथे ऑटो लेआउटच हवा, म्हणजे आतल्या वस्तूंची जागा आपोआप जुळवणारी फ्रेम (चौकट).

सगळ्या ओळींना हात लावू नका, एकच घ्या. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून ग्रुप सोडा, तिन्ही मजकूर निवडा आणि शिफ्ट-ए दाबा. दिशा आडवी, मधलं अंतर १२, डाव्या-उजव्या बाजूचं पॅडिंग (कडेची मोकळी जागा) १६. आधी बाहेरच्या फ्रेमची रुंदी ३६० फिक्स्ड करा, उंची ‘हग’ (आतल्या मजकुराएवढी) ठेवा. मग स्थानकाच्या नावाची रुंदी ‘फिल’ (उरलेली सगळी जागा घेणारी) करा. आता लांब नाव दोन ओळींत मोडेल आणि ओळीची उंची आपोआप वाढेल.

वेळेला ‘हग’ देण्याचा मोह होतो, तो टाळा. ९.०५ आणि १०.४५ यांची रुंदी वेगळी, त्यामुळे प्रत्येक ओळीत नाव वेगळ्या जागी सुरू होतं. वेळेला ५६ आणि फलाटाला ३२ अशी फिक्स्ड रुंदी द्या. १६च्या अक्षराला लाइन हाइट (मजकुराच्या एका ओळीची उंची) निदान २४ ठेवा. त्याहून फार कमी केली तर खालच्या ओळीचे रफार-वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये हे हमखास होतं.

ओळ मनासारखी झाली की कंट्रोल-ऑल्ट-के दाबून तिचा कंपोनंट (मूळ नमुना) करा आणि बाकीच्या ओळी त्याच्या प्रतींनी भरा. मॅकवर सगळीकडे कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन.

नावांचं म्हणाल तर सरसकट प्रत्येक लेयरला नाव देत बसू नका. दुसरं कुणी उघडून पाहील त्यालाच द्या, आणि तेही कामावरून : ‘गाडी-ओळ’, ‘फलाट’. अनेक लेयर निवडून कंट्रोल-आर दाबलं की एकदम नावं बदलता येतात, क्रमांकही लावता येतात.

प्रश्न : गाड्यांची यादी उभ्या ऑटो लेआउटमध्ये आहे, प्रोटोटाइपमध्ये (स्क्रीन चालवून पाहण्याच्या भागात) उभा स्क्रोलही निवडला. तरी यादी हलत नाही.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : यादीच्या फ्रेमची उंची ‘हग’ असणार. फ्रेम मजकुराएवढीच उंच असेल तर आत सरकायला उरतं काय? यादी निवडून कंट्रोल-ऑल्ट-जी दाबा, म्हणजे तिच्याभोवती साधी फ्रेम येईल. तिची खालची कड वर ओढून उंची ५६० करा, ‘क्लिप कंटेंट’वर (फ्रेमबाहेरचा भाग लपवणाऱ्या पर्यायावर) खूण करा आणि उभा स्क्रोल या बाहेरच्या फ्रेमला द्या. वरची शीर्षकपट्टी जागेवर राहायला हवी असेल तर ती या फ्रेमच्या बाहेरच ठेवा.